ओळ पुरी होऊ दे, मग बोल: विणणारी माणसं आणि त्यांची घरं

पाचवीसुई

घरात एक विणणारं माणूस असलं की बाकीच्यांना थोडं त्याच्या कलाने घ्यावं लागतं, आणि माझ्या मते घ्यावंच. आमच्याकडे मी विणते, सासूबाई विणतात, धाकटीनेही आता सुया हातात घेतल्या आहेत. राहिले दोघे, नवरा आणि थोरला. त्यांच्या लेखी आमच्या सगळ्या सवयी म्हणजे 'खुळं'. म्हणतात प्रेमानेच. पण जवळपास प्रत्येक खुळामागे लोकरीचं किंवा टाक्यांचं खरंखुरं कारण असतं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. ते नीट मांडावं आणि तुमच्या घरची खुळंही ऐकावीत, म्हणून हा चर्चेचा धागा.

सुरुवात "ओळ पुरी होऊ दे"पासून. दार वाजो, फोन वाजो, कोणी कितीही हाका मारो, उत्तर हेच. थोरला विचारतो, "ओळ काय पळून चाललीय का?" ओळ पळत नाही, टाके पळतात. मध्येच काम ठेवलं की अर्धे टाके एका सुईवर, अर्धे दुसरीवर राहतात. सुया दोन दिशांना ओढल्या जातात आणि त्या जिथे भेटतात तिथले टाके ताणून मोठे होतात. शिवाय परत हातात घेताना दिशा चुकली, तर अर्ध्या भागावर दोन ओळी जास्त चढतात आणि त्या जागी भोक पडतं. सासूबाईंचा यावर सोपा नियम आहे: गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईवरून निघतो, ती सुई उजव्या हातात. न विणणाऱ्यांनीही हा पाठ करावा, कारण सोफ्यावरून पडलेलं विणकाम उचलून द्यायची वेळ त्यांच्यावरच येते.

दुसरं खूळ मोजणीचं. सासूबाई एकदा अंगावरच्या मोठ्या शालीचे टाके मोजत होत्या आणि नेमका कुठल्याशा कचेरीतून फोन आला. माहिती भरून घेणाऱ्याने वय विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकशे चौऱ्याऐंशी." पलीकडचा माणूस बराच वेळ काही बोललाच नाही. तेव्हापासून आमच्याकडे दर वीस टाक्यांनंतर सुईवर रंगीत दोऱ्याचा छोटा फास अडकवायची पद्धत आहे. कोणी मध्ये बोललं तरी शेवटच्या फासापासूनच मोजावं लागतं, आणि घरात शांतता राहते.

आता नमुना, म्हणजे स्वेटरआधी विणून बघायचा छोटा चौकोन. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नवऱ्याचा सर्वांत मोठा प्रश्न हाच: "स्वेटर विणायचाय ना? मग हा रुमाल कोणासाठी?" तो रुमाल नाही, स्वेटर अंगात बसणार की नाही याचा हिशेब आहे. समजा छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा आहे आणि विणकामाच्या पुस्तकात १० सेंटिमीटरला २० टाके सांगितले आहेत. म्हणजे २०० टाके. पण माझा हात घट्ट असेल आणि माझे त्याच १० सेंटिमीटरला २२ टाके बसत असतील, तर त्याच २०० टाक्यांत घेर जेमतेम ९१ होणार. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर दुसऱ्याच कोणाच्या तरी अंगाचा! म्हणून आधी चांगला हातभर... म्हणजे निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन विणायचा, धुवायचा, सपाट वाळवायचा, कडा सोडून मधला भाग मोजायचा आणि मग सुई बदलायची की टाके, ते ठरवायचं. धुण्याचा भाग तर अजिबात टाळू नये. पाणी लागल्यावर लोकर सैलावते आणि वीण जागेवर बसते.

सासूबाईंच्या कपाटात अशा चौकोनांचा एक अख्खा खण आहे. प्रत्येकाला टाचणीने कागदाचा कपटा टोचलेला. परवा धाकटीने एक काढून मोठ्याने वाचला: "सुई ४ मिमी. आडवे २२, उभ्या ३०. धुतल्यावर आडवे २१. राखाडी, ह्यांचा बिनबाह्यांचा." सासरे आता नाहीत. तो बिनबाह्यांचा स्वेटर थोरला घालतो, आणि तो चौकोन मोडून त्याची लोकर दुसरीकडे वापरायचा विषय आमच्याकडे कोणी काढत नाही.

आणि शेवटचं, लडी. लोकर लडीत आली की ती गुंडाळताना कोणाच्या तरी दोन हातांवर ताणून धरावी लागते. आमच्याकडे ते हात नवऱ्याचे. गुंडा सैलच गुंडाळायचा असतो. ओढून गुंडाळला तर धागा ताणलेल्या अवस्थेत विणला जातो, नंतर आपल्या मूळ लांबीवर येतो आणि स्वेटर आखडतो. त्यामुळे हे काम सावकाश चालतं. अर्धा तास हात अडकलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, फोन उचलू शकत नाही, टीव्हीचा आवाज वाढवू शकत नाही. आमच्या घरातले बरेच मोठे निर्णय लडी सुटता सुटता झाले आहेत. थोरल्याने शाखा बदलायची आहे ही बातमीही बाबांच्या हातावर निळी लडी चढल्यावरच सांगितली. मुलगा हुशार आहे.

तुमच्याकडे काय काय चालतं?

कापूसकोंडी

एकशे चौऱ्याऐंशी! सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

आमच्या घरचं खूळ म्हणजे झोपलेल्या माणसांची मापं. आई कायम हे करते. जागेपणी माझा भाऊ सरळ उभा राहत नाही, हात लांब करायला सांगितला की नाचायला लागतो, म्हणून आई त्याची बाही तो झोपल्यावर मोजायची. आता त्याच्या मुलांची मोजते. एकदा वहिनी पाणी प्यायला उठली तर सासूबाई अंधारात टेप घेऊन नवऱ्याच्या डोक्याशी उभ्या! नवीन लग्न झालेलं, बिचारी घाबरून दारातच थांबली.

आई म्हणते, बाळाचं डोकं तर झोपेतच मोजावं. आणि टोपी डोक्याएवढी विणायची नसते, थोडी लहानच विणायची. मोठ्या माणसाचं डोकं ५६ सेंटिमीटर असेल तर टोपी ५० च्या आसपास, कारण वीण ताणते आणि ताणल्यावरच डोक्याला धरून बसते. डोक्याएवढीच विणली तर डोळ्यांवर येते. स्वेटरचं बरोबर उलटं, तिथे अंगापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर जास्त घेर ठेवायचा. मोजा मात्र पावलापेक्षा सेंटिमीटरभर आखूड.

माणसापेक्षा त्याचा नेहमीचा आवडता स्वेटर सपाट पसरून मोजावा, असं मी सुचवून पाहिलं. पद्धत चांगली आहे, पण आईला त्यात मजा येत नाही.

उगाचच

मी न विणणारा नवरा. धागा वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. हात अडकवून गंभीर विषय काढण्याची पद्धत आमच्याकडेही आहे, आणि तो निव्वळ योगायोग आहे असं मी आजवर समजत होतो.

एक खरंच समजून घ्यायचं आहे. बायको एका स्वेटरसाठी आठ गुंडे एकदम आणते, वर एक जास्तीचा. मी म्हटलं, दोन दोन आणू, संपले की जाऊ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच मिटला. आणि गुंड्यांवरचे कागदी पट्टे ती वर्षानुवर्षं जपून ठेवते. का?

पाचवीसुई

उगाचच, बायकोचं शंभर टक्के बरोबर आहे. लोकर एका वेळी एका घाण्यात, म्हणजे रंगाच्या एका खेपेत, रंगवली जाते आणि त्या घाण्याचा क्रमांक पट्ट्यावर छापलेला असतो. पुढच्या घाण्याचा रंग त्याच नावाचा असला तरी डोळ्यांना किंचित वेगळा येऊ शकतो. गुंडे शेजारी ठेवले तर कळतही नाही, पण विणून झालं की छातीच्या बरोबर मधोमध आडवी रेघ दिसते. म्हणून एकाच क्रमांकाचे सगळे एकदम, आणि एक जास्तीचा. उरलेला गुंडा पुढे कोपर फाटलं की कामाला येतो.

वेगळ्या क्रमांकाचा गुंडा वापरायची वेळ आलीच तर दोन ओळी जुन्याच्या, दोन ओळी नव्याच्या असं आलटूनपालटून काही अंतर विणायचं. रेघ विरघळून जाते.

पट्ट्यावर सुईचं माप, धुण्याची पद्धत, लोकरीत काय किती टक्के आहे हेही असतं. तो पट्टा फेकू नका. तिने जपलेत ना, त्यांना एक छानसा डबा द्या.

उगाचच

डबा देतो. विषय मिटला असं वाटलं होतं, तो आता आनंदाने मिटला.

भटकाजीव

मी विणणारा पुरुष. आजीने शिकवलं. ती म्हणायची, ज्याला थंडी वाजते त्याला विणता यायला हवं, एवढा सरळ हिशेब. प्रवासात विणायला काढलं की समोरच्या बाकावरची मंडळी आधी बघतात, मग एकमेकांना खुणावतात, आणि थोड्या वेळाने हमखास एक काकू म्हणतात, "अरे, धागा असा धर, बोट दुखणार नाही." मग पुढचा प्रवास मजेत जातो. पुरुष विणतो याचं त्यांना काही वाटत नाही, चुकीचं धरलेलं मात्र बघवत नाही.

माझ्या पुतण्याला शाळेत कोणी चिडवलं, "तुझा काका बायकांचं काम करतो." त्याला मी टॉम डेलीचे फोटो दाखवले. हा ब्रिटनचा पाणबुडीपटू नव्हे, उंचावरून सूर मारणारा खेळाडू. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तिथे त्याने १० मीटर जोडीच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं आणि नंतर प्रेक्षकांत बसून तो विणत होता. पदकाला चरे पडू नयेत म्हणून त्याने लोकरीची पिशवीही विणली होती. पुतण्या दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून आला, आणि आता स्वतःच्या कंचांसाठी त्याला तशीच पिशवी हवी आहे. मी विणली, त्याने नाडी ओवली.

विणकामाचं पहिलं यंत्रही एका पुरुषाने बनवलं, १५८९ च्या सुमारास, विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने. दंतकथा अशी की त्याला आवडणारी मुलगी कायम विणकामात गढलेली असायची, त्याच्याकडे बघायलाच तिला फुरसत नव्हती, म्हणून त्याने तिचं काम करणारं यंत्र शोधलं. खरी असो नसो, मला ही गोष्ट आवडत नाही. ओळ पुरी होईपर्यंत थांबला असता तर बोलली असती ती.

कापूसकोंडी

भटकाजीव, शेवटच्या वाक्याला +१००.

सांजवेळ

आमच्याकडे झालेला प्रसंग सांगते. वाईट वाटलं होतं तेव्हा, पण त्यातून घरात एक चांगली गोष्ट सुरू झाली.

मावशीने माझ्या नवऱ्यासाठी शुद्ध लोकरीचा, पुढे केबलची, म्हणजे दोरखंडासारख्या पिळाची, वीण असलेला स्वेटर विणला होता. दिरांनी भावाला मदत म्हणून तो मशीनमध्ये टाकला, गरम पाण्यावर, चांगला जोरात फिरणाऱ्या चक्रावर. बाहेर आला तो आमच्या पाच वर्षांच्या पुतणीच्या मापाचा, जाड, कडक, टाके दिसेनासे झालेले. दीर स्वेटर हातात धरून नुसते उभे होते. मोठा माणूस इतका ओशाळलेला मी आधी पाहिला नव्हता.

मावशीने रागावायच्या ऐवजी त्यांना समोर बसवून समजावलं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिशय बारीक खवले असतात, सगळे तंतूच्या टोकाकडे वळलेले. ओलावा, उष्णता आणि घुसळण हे तिन्ही एकत्र आले की तंतू सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मागे येऊ शकत नाहीत. कितीही ओढा, तो स्वेटर पुन्हा मोठा होत नाही. 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेल्या लोकरीचे हे खवले कारखान्यातच रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले असतात किंवा त्यांच्यावर पातळ थर चढवलेला असतो, म्हणून ती वाचते. बाकी लोकर कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सपाट वाळवायची. दोरीवर टांगली की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

चांगली गोष्ट ही की असं घट्ट झालेलं विणकाम कात्रीने कापलं तरी उसवत नाही. मावशीने त्या स्वेटरमधून चष्म्याची दोन घरं आणि खुर्च्यांच्या पायांना घालायचे आठ तुकडे कापले. पुतणीलाही बाहीच्या टोकांचे हातमोजे मिळाले. आणि तेव्हापासून घरातली सगळी लोकर फक्त दीर धुतात. इतकी निगुतीने धुतात की शेजारच्या काकूसुद्धा त्यांची शाल दिरांकडेच आणून देतात.

निळीशाई

सांजवेळ, तुमचे दीर आवडले.

आमच्याकडे फ्रीजरमध्ये लोकर असते. पाहुणे बर्फ काढायला जातात आणि आतून मोरपंखी गुंडे घेऊन बाहेर येतात. बाबांनी शेवटी फ्रीजरच्या दारावर चिठ्ठी लावली: "लोकर आहे. आजारी नाही. औषधपाणी चालू आहे."

कारण कसर. लोकरीचं कापड खाते ती उडणारी कसर नव्हे, तिच्या अळ्या. मोठी झालेली कसर काही खातच नाही, ती फक्त अंडी घालते. त्यामुळे उडताना एक दिसली तर ती मारून काम संपत नाही, घड्या उलगडून बघाव्या लागतात. अळ्यांना केराटिन, म्हणजे केसांत आणि पिसांत असणारं प्रथिन, लागतं, म्हणून लोकर, पिसं यांच्यावर त्या पडतात. निव्वळ ॲक्रिलिकमध्ये त्यांना खायला काही नसतं. घाम आणि डाग लागलेले कपडे त्यांना जास्त आवडतात, म्हणून वर्षभरासाठी ठेवून देताना धुऊनच ठेवावेत.

आई संशयित गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधते आणि उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तपमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरून लोकर ओली होते.

रानवारा

माझ्या भाच्याची अशी ठाम समजूत होती की माझी आई, म्हणजे त्याची आजी, गुप्तहेर आहे. पुरावा: ती खिडकीत बसून विणते, रस्त्यावर बघते, आणि अधूनमधून ओठ हलवते. त्याने वहीच केली होती. सुलट टाक्याला १, उलट टाक्याला ०, आणि आजीच्या मफलरची एक अख्खी ओळ उतरवून घेतलेली. १ १ ० ० १ १ ० ०. दोन सुलट दोन उलटची साधी बॉर्डर हो! तो दोन दिवस त्यातला संदेश शोधत होता.

त्याची निराशा होऊ नये म्हणून मी त्याला खरी गोष्ट सांगितली. फिलिस लाटूर नावाची तरुणी मे १९४४ मध्ये ब्रिटनतर्फे हवाई छत्रीने नाझींनी व्यापलेल्या नॉर्मंडीत उतरली. सायकलवरून फिरत माहिती जमवायची आणि बिनतारी यंत्रावरून लंडनला कळवायची. सांकेतिक लिपी रेशमी कापडाच्या पट्टीवर होती. ती पट्टी विणायच्या सुईभोवती गुंडाळून तिने केस बांधायच्या नाडीत लपवली होती. तिने १३५ संदेश पाठवले, आणि २०२३ मध्ये १०२ वर्षांची होऊन गेली.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि आजीला म्हणाला, "म्हणजे तू कोणालाच सांगणार नाहीस, बरोबर ना?" आई म्हणाली, "ओळ पुरी झाली की विचार कर, सांगायचं का ते." आता तो तिच्या शेजारी बसतो. स्वतःची बॉर्डर विणतो आणि त्यात आजीसाठी संदेश घालतो. आईने एक उलगडला. लिहिलं होतं: "घर".

सांजवेळ

रानवारा, हे वाचून घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

यावरून एक विचारायचं आहे. माझा मुलगा डावखुरा आहे आणि त्याला विणायला शिकायचं आहे. मी उजवी. कसं शिकवू?

भटकाजीव

समोरासमोर बसा. तो आरशात बघतोय असं होऊ द्या. तुम्ही उजवीकडून डावीकडे विणता, तो डावीकडून उजवीकडे विणेल. माझ्या आजीने चुलत बहिणीला असंच शिकवलं.

पाचवीसुई

भटकाजीव, मी इथे वेगळं सांगेन. विणकाम हे दोन्ही हातांचं काम आहे. धागा डाव्या हातात धरून सुईच्या टोकाने ओढून घ्यायची पद्धत युरोपात बऱ्याच ठिकाणी चालते, आणि डावखुऱ्या मुलांना तीत डाव्या हाताचं काम जास्त मिळतं. दिशा मात्र तीच राहते. उलट दिशेने शिकलं तर साधा मफलर, टोपी जमते. पण पुढे जाळीच्या आणि केबलच्या विणीचे आलेख, म्हणजे टाक्यांचे चौकटींतले नकाशे, वाचायला लागला की सगळं उलटं करून वाचावं लागतं, आणि टाके घटवताना उजवीकडे झुकणारा घट डावीकडे झुकतो. आयुष्यभर मनात भाषांतर करत बसण्यापेक्षा आधी दोन्ही पद्धती हातात देऊन बघाव्यात.

भटकाजीव

मान्य, आलेखांचा मुद्दा खरा आहे. पण चुलत बहीण आजही उलट दिशेनेच विणते आणि आलेख आरशासमोर धरून वाचते. तिला विचारलं तर ती म्हणेल, तुम्हीच सगळे उलटे. मुलाचे हात काय म्हणतात ते बघा, सांजवेळ.

पाचवीसुई

हे अगदी पटलं. आणि एक: सुरुवातीला जाडसर सुया, ५ किंवा ६ मिमीच्या. लोकर गुळगुळीत आणि फिक्या रंगाची. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत आणि मूल कंटाळतं. वीसेक टाके घालून द्या, सगळ्या ओळी सुलटच विणू द्या. माझी धाकटी अशीच शिकली. तिचा पहिला पट्टा मध्येच रुंद, मध्येच अरुंद झाला. आजीने तो गुंडाळून एका टोकाला टाके घातले, दोन डोळे लावले, आणि ती गोगलगाय आता धाकटीच्या उशीशी असते.

उगाचच

अपडेट: डबा दिला. बायकोने पट्टे लावून ठेवले. मग म्हणाली, "बस जरा, एक लडी आहे." बसलोय. हे एका हाताने लिहितोय, ती धागा शोधतेय. काहीतरी महत्त्वाचं निघणार बहुतेक.

कापूसकोंडी

उगाचच, शुभेच्छा. हात समांतर ठेवा आणि ज्या बाजूने धागा सुटतोय तो हात किंचित पुढे झुकवा, लडी अडकणार नाही.

नवागत

मी वाचकच होते, पहिल्यांदा लिहितेय. धागा वाचून आईच्या जुन्या सुया काढल्या आणि मफलर सुरू केला. समोरून सगळे सुलट दिसणारी वीण. आज बघते तर खालच्या एका ओळीत टाका सुटला आहे आणि खाली शिडी पडत चालली आहे. सगळं उसवायचं का? आजी म्हणते उसव, बहीण म्हणते सुईदोऱ्याने शिवून टाक. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या आहेत.

दुसरं, आईच्या सुयांवर ८ लिहिलं आहे आणि पुस्तकातल्या नमुन्यात ८ नंबरच सांगितला आहे, तरी माझं विणकाम नमुन्यापेक्षा फार बारीक का येतंय?

पाचवीसुई

उसवू नकोस, शिवूही नकोस. आधी त्या सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकव, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाची सुई घे. काम सुलट बाजू समोर धरून सुई पुढून सुटलेल्या टाक्यात घाल. शिडीची सर्वांत खालची आडवी पायरी टाक्याच्या मागे असते, ती आकड्यात पकड आणि टाक्यातून पुढे ओढ. एक टाका तयार झाला. मग त्याच्या वरची पायरी, मग त्याच्या वरची. एकही पायरी सोडायची नाही, क्रम बदलायचा नाही. वर पोचलीस की टाका डाव्या सुईवर चढव, पिळला जाणार नाही हे बघून. तिथले टाके जरा घट्ट किंवा सैल वाटले तर सुईच्या टोकाने शेजारच्या टाक्यांतून थोडी थोडी लोकर सरकव. उरलेलं पहिल्या धुण्यात बसतं.

निळीशाई

नंबरचं मी सांगते. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, अमेरिकन पद्धतीत बरोबर उलटं. ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिमी, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. तुझ्या आईची सुई बहुतेक ब्रिटिश मापाची असेल आणि नमुना अमेरिकन. नंबर विसर, मिलिमीटर बघ. सुईवर मिलिमीटर नसतील तर पट्टीवर सुईची जाडी मोज.

नवागत

आला! टाका वर आला, दिसतसुद्धा नाही कुठे सुटला होता. आजी चष्मा लावून शोधतेय, बहीण फोटो काढतेय. आणि सुई खरंच ४ मिमीची निघाली. मफलर आहे, थोडा अरुंद चालेल, असाच पुढे नेते.

शेवटी टाके बंद करताना माझी कड नेहमी आखडते, त्याला काय करू?

पाचवीसुई

बंद करण्याच्या ओळीपुरती उजव्या हातात एक माप जाड सुई घे. तुझी ४ ची आहे ना, मग साडेचार किंवा पाच. आणि प्रत्येक टाका ओलांडून टाकल्यावर धागा ओढू नकोस. कड विणकामाएवढीच ताणली जाते का हे दर दहा टाक्यांनी ओढून बघ. झाला की फोटो टाक इथे.